हेल्प टू बायचं घर विकताना: व्हॅल्युएशन कुणाकडून, कधी आणि कशासाठी

इंग्लंडमध्ये 'हेल्प टू बाय' या सरकारी कर्जाच्या योजनेतून नवंकोरं घर घेतलेल्यांत आपली मराठी कुटुंबंही आहेत. नोकरीसाठी आलेलं जोडपं, पदरी जेमतेम ५ टक्के रक्कम, आणि रेडिंग किंवा मिल्टन कीन्सच्या एखाद्या नव्या वसाहतीत दोन-तीन बेडरूमचं घर. आता त्यातल्या बहुतेकांची बिनव्याजी पाच वर्षं उलटून गेली आहेत. कुणाला मुलांच्या शाळेसाठी मोठ्या घरात जायचं आहे, कुणाला पुण्याला परतायचं आहे. घर विकायला काढलं की एजंट, सॉलिसिटर, बँक हे सगळे ओळखीचे शब्द कानावर येतात. मध्येच एक अनोळखी मागणी येते: आरआयसीएस सर्व्हेअरचं (मान्यताप्राप्त मूल्यमापकाचं) व्हॅल्युएशन, म्हणजे घराच्या किमतीचा अहवाल द्या.

हा कागद म्हणजे फाइलला जोडायचं एक औपचारिक प्रमाणपत्र, असं समजून लोक तो घाईघाईत मागवतात. तिथेच पैसे जातात. सरकारला किती पौंड परत करायचे हे या कागदावरच्या आकड्यावर ठरतं. शिवाय हा कागद तीन महिन्यांत शिळा होतो. या दोन गोष्टी नीट समजल्या तर बाकीचं सोपं आहे.

आधी कर्जाचा हिशेब

योजना २०१३ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला नवे अर्ज घेणं बंद झालं. वेल्स आणि स्कॉटलंडच्या योजना वेगळ्या, त्यांचे नियम इथे लावू नका. तुमची ५ टक्के रक्कम, सरकारचं जास्तीत जास्त २० टक्के इक्विटी लोन (घराच्या किमतीतल्या वाट्याच्या रूपातलं कर्ज) आणि उरलेलं बँकेचं मॉर्गेज, अशी रचना. लंडनमध्ये २०१६ पासून सरकारचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत गेला.

हे कर्ज पौंडांत मोजलेलं नाही, टक्क्यांत मोजलेलं आहे. ३ लाख पौंडांच्या घराला ६० हजार मिळाले म्हणजे तुम्ही ६० हजार देणं लागत नाही, घराच्या त्या वेळच्या किमतीच्या २० टक्के देणं लागता. घर ३ लाख ६० हजारांचं झालं तर देणं ७२ हजार. लंडनमध्ये साडेचार लाखांना फ्लॅट घेतला, सरकारचे ४० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, आणि आज त्याची किंमत ४ लाख २० हजारांवर घसरली असेल, तर देणं १ लाख ६८ हजार. नफ्यात वाटा, तसा तोट्यातही वाटा.

व्याजाचं मात्र उलट आहे. सहाव्या वर्षापासून १.७५ टक्के व्याज लागतं आणि ते मूळ उचललेल्या रकमेवर लागतं. ६० हजारांवर वर्षाला १,०५० पौंड, म्हणजे महिन्याला साडेसत्याऐंशी. त्यानंतर दर वर्षी हा दर महागाईच्या प्रमाणात वाढतो: २०२१ पूर्वीच्या योजनेत आरपीआय अधिक १ टक्का, २०२१ नंतरच्या योजनेत सीपीआय अधिक २ टक्के (आरपीआय आणि सीपीआय हे महागाई मोजण्याचे दोन निर्देशांक). ही वाढ व्याजदराच्या पटीत होते, हे लक्षात घ्या. आरपीआय ५ टक्के असेल तर १.७५ चे १.८५५ होतात, ७.७५ होत नाहीत. हे व्याज भरल्याने मूळ देणं एका पौंडानेही कमी होत नाही, हे मात्र अनेकांना विकताना प्रथमच कळतं.

आपली टक्केवारी नेमकी किती हे जुन्या कागदांत बघून घ्या. "वीस टक्के" हे तोंडी असतं, कागदावर १८.६ किंवा १९.४ असू शकतं, कारण काहींनी थोडी जास्त रक्कम स्वतः भरली होती. मधल्या काळात काही भाग फेडला असेल तर टक्केवारी आणखी उतरलेली असते. लँड रजिस्ट्रीकडून आपल्या घराचा टायटल रजिस्टर ऑनलाइन काढा, फी फार नाही. त्याच्या 'सी' भागात दोन बोजे दिसतील: पहिला बँकेचा, दुसरा 'होम्स अँड कम्युनिटीज एजन्सी'चा. हे नाव बघून घाबरू नका. हे कर्ज देणारी सरकारी संस्था हीच, होम्स इंग्लंड हे तिचं २०१८ पासूनचं व्यवहारातलं नाव आहे.

जास्त असेल तो आकडा

स्वतः राहून कर्ज फेडायचं असेल तर सर्व्हेअरने दिलेली किंमत धरतात. विकताना दोन आकडे शेजारी ठेवतात: सर्व्हेअरची किंमत आणि ठरलेली विक्री किंमत. यातला जो जास्त असेल त्याच्यावर टक्केवारी लागते. सगळ्या व्यवहाराची कळ या एका नियमात आहे.

सर्व्हेअर ३ लाख ६० हजार म्हणाला आणि घर ३ लाख ७० हजारांना गेलं, तर ७४ हजार द्यायचे. सर्व्हेअर ३ लाख ६० हजार म्हणाला आणि घर साडेतीन लाखांना गेलं, तर ७२ हजार द्यायचे, ७० नव्हे. म्हणजे तुमच्या हाती न आलेल्या १० हजारांवरही सरकारचा वाटा तुमच्या खिशातून जातो. २० टक्क्यांच्या कर्जात २ हजारांचा फटका, लंडनच्या ४० टक्क्यांत ४ हजारांचा.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, विकताना मुद्दाम कमी व्हॅल्युएशन मिळवून काही फायदा नाही, कारण विक्री किंमत वर असेल तर तीच धरली जाणार. दुसरी, उगाच चढं व्हॅल्युएशन मात्र थेट नुकसान करतं. एजंटने घर दाखवताना सांगितलेली गोड किंमत सर्व्हेअरच्या कागदावर उतरू नये, यात तुमचं हित आहे. तुम्हाला हवी आहे ती खरी किंमत, पुराव्यासह.

महाराष्ट्रात घराच्या व्यवहारात रेडी रेकनरचा दर हा एक सरकारी आधार असतो. विभाग बघायचा, चौरस मीटरचा दर काढायचा. इंग्लंडमध्ये तसं काही नाही. इथे आधार एकच, आजूबाजूची तशीच घरं प्रत्यक्षात कितीला गेली. त्यामुळे माणूस कोण आहे आणि त्याने कुठली घरं तुलनेला घेतली, याला फार महत्त्व येतं.

कुणाकडून करून घ्यायचं

इस्टेट एजंट फुकट येऊन सांगतो ते व्हॅल्युएशन नव्हे, तो घर आपल्याकडे विक्रीला मिळावं म्हणून दिलेला अंदाज. खरेदीदाराच्या बँकेचं व्हॅल्युएशन बँकेच्या कामाचं असतं. ते तुमच्या हाती येत नाही आणि आलं तरी इथे चालत नाही. लेव्हल २ सर्व्हे म्हणजे घराच्या प्रकृतीची तपासणी, तोही हा कागद नाही.

लागतो तो आरआयसीएसच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरचा स्वतंत्र अहवाल. आरआयसीएस म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, १८६८ साली स्थापन झालेली व्यावसायिक संस्था. तिच्या व्हॅल्युएशनच्या नियमावलीला सगळे 'रेड बुक' म्हणतात. फोनवर कोटेशन मागताना नुसतं "व्हॅल्युएशन हवं" म्हणू नका. "हेल्प टू बाय इक्विटी लोन फेडण्यासाठी, विक्रीच्या कारणाने, रेड बुकप्रमाणे" असं स्पष्ट सांगा. या कामाची सवय असलेला सर्व्हेअर पुढचं वाक्य स्वतःच बोलतो. सवय नसलेला विचारतो, "कशासाठी?" अशाला सोडून द्या, कारण त्याचा अहवाल परत येण्याची शक्यता जास्त. साध्या दोन-तीन बेडरूमच्या घराला काहीशे पौंड लागतात. शंभर पौंड वाचवण्यासाठी गावाबाहेरचा, तुमची वसाहत कधी न पाहिलेला माणूस बोलावणं महागात पडतं.

अहवालात काय असायला हवं ते पक्कं आहे. तो होम्स इंग्लंडला उद्देशून लिहिलेला हवा, तुम्हाला उद्देशून नव्हे. सर्व्हेअरच्या संस्थेच्या लेटरहेडवर, सहीसह, त्याच्या आरआयसीएस पात्रतेच्या उल्लेखासह. तो तुमच्या नात्यातला नको आणि घर विकणाऱ्या एजंटपासून स्वतंत्र हवा. घरात आत येऊन पाहणी केलेली हवी. आणि किमान तीन तुलनेची घरं हवीत: त्याच प्रकारची, साधारण तेवढ्याच आकाराची आणि वयाची, दोन मैलांच्या आत, प्रत्यक्ष विकली गेलेली. किंमत एकच आकडा हवा. "३ लाख ५० ते ३ लाख ६५ हजारांच्या दरम्यान" असा पट्टा चालत नाही.

हातात अहवाल आला की प्रशासकाकडे (होम्स इंग्लंडच्या वतीने कर्जाचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडे) पाठवण्याआधी स्वतः वाचा. पत्ता, पिनकोड, घर लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं) की फ्रीहोल्ड (कायमच्या मालकीचं), बेडरूम किती, आणि नावं. नावांचा गोंधळ आपल्या लोकांत फार होतो. टायटल रजिस्टरवर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट तिन्ही नावं, मॉर्गेजवर आद्याक्षरं, बायकोच्या नव्या पासपोर्टवर वेगळं आडनाव. अहवालात आणि अर्जात टायटल रजिस्टरवर जसं आहे तसंच नाव लिहायला सांगा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत सॉलिसिटरकडे पहिल्याच आठवड्यात द्या.

पाहणीच्या दिवशी

सर्व्हेअर येतो, बूट काढतो किंवा वरून प्लास्टिकची कव्हरं चढवतो, आणि हातातलं लेझर मापक भिंतीला टेकवतो. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका, 'टिक', ३.४२ मीटर. दुसऱ्या भिंतीकडे वळून पुन्हा एकदा. प्रत्येक खोलीला एक मिनिटसुद्धा लागत नाही. मग बॉयलरचा फोटो, खिडक्यांच्या काचांत धुकं साचलंय का, बाथरूमच्या छताला डाग, मागच्या अंगणातून छपराच्या कौलांवर एक नजर. गाडी कुठे लावता, ती जागा कागदावर तुमची आहे की नुसती वापरायची परवानगी, हे तो विचारतोच. अर्ध्या तासात काम संपतं. तुम्ही रंग लावला की नाही, पडदे कुठले, याने आकडा हलत नाही. हलतो तो क्षेत्रफळाने, पार्किंगने, बागेच्या दिशेने, घर मुख्य रस्त्याला लागून आहे की आतल्या गल्लीत यावरून.

त्याच्या हाती एक पातळ फोल्डर द्या. त्यात ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जावापराचं प्रमाणपत्र असू द्या, कारण त्यावर एकूण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये छापलेलं असतं आणि त्याच्या मापाशी ताडून बघता येतं. ईपीसी दहा वर्षं चालतं. २०१३-१५ च्या घरांची मूळ प्रमाणपत्रं एव्हाना संपली आहेत. घर बाजारात आणण्याआधी नवं काढावंच लागतं. लीजहोल्ड असेल तर उरलेली वर्षं, ग्राउंड रेंट, सर्व्हिस चार्ज. फ्रीहोल्ड असूनही वसाहतीच्या बागा-रस्त्यांसाठी वार्षिक शुल्क असेल तर त्याची पावती. आणि घर बाजारात कधी आलं, किती लोक पाहून गेले, कुठल्या तारखेला किती पौंडांची ऑफर आली, हे एका पानावर.

शेवटचं पान सगळ्यांत मोलाचं. रेड बुकमधल्या बाजारभावाच्या व्याख्येचा गाभा असा: राजीखुशीने विकणारा, राजीखुशीने घेणारा, दोघांचा परस्पर संबंध नाही, घर बाजारात पुरेसा काळ दाखवलं गेलं, कुणावर जबरदस्ती नाही. तुमचं घर सहा आठवडे उघड बाजारात होतं आणि सगळ्यांत चांगली ऑफर ३ लाख ५५ हजारांची आली, तर हा त्या व्याख्येशी जुळणारा पुरावाच आहे. सर्व्हेअरला आकडा सुचवणं चूक, पुरावा देणं अजिबात चूक नाही. उलट ऑफर लपवली तर त्याला अंदाजाने काम करावं लागतं.

घरात बदल केले असतील तर पाहणीआधी ते मांडा. भिंत पाडणं, मागे खोली वाढवणं, पोटमाळ्यात खोली करणं अशा रचनेतल्या बदलांना कर्ज असेपर्यंत होम्स इंग्लंडची परवानगी लागते. परवानगीचं पत्र, बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियमांनुसार झाल्याचं) प्रमाणपत्र आणि बिलं एकत्र ठेवा. त्या बदलासह आणि बदलाशिवाय असे दोन आकडे अहवालात हवेत का, हे प्रशासकाला ईमेलने विचारून उत्तर सर्व्हेअरला आधीच पाठवा. पाहणी झाल्यावर विचारलं तर पुन्हा फी पडते.

तुलनेची घरं नीट बघा

अहवालातली सगळ्यांत वादाची जागा म्हणजे ही तीन घरं. नव्या वसाहतीत एक खास अडचण असते. बिल्डर अजून तिसऱ्या टप्प्यातली घरं विकत असतो. ती नवी आहेत म्हणून त्यांची किंमत वर असते, शिवाय त्यात गालिचे, स्वयंपाकघरातली उपकरणं किंवा स्टॅम्प ड्यूटी बिल्डरने भरण्यासारख्या सवलती मिसळलेल्या असतात. कागदावर ३ लाख ८० हजार दिसतात, प्रत्यक्षात खरेदीदाराने मोजलेले त्याहून कमी. तुमचं आठ वर्षं वापरलेलं घर त्या रांगेत बसत नाही. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की भाव उतरतो, तसंच थोडंफार नव्या घराचं होतं.

हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. लँड रजिस्ट्रीच्या विक्री किमतींच्या खुल्या माहितीत प्रत्येक व्यवहारासमोर घर नवं होतं की आधीचं, याची नोंद असते. आपल्या पिनकोडची गेल्या वर्षभरातली यादी काढा, नवी घरं बाजूला करा, उरलेल्यांपैकी आपल्याच प्रकारची निवडा. मिड-टेरेस घराची (एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या रांगेतल्या मधल्या घराची) तुलना मिड-टेरेसशी. रांगेच्या शेवटच्या घराला एक बाजू मोकळी असते, ते थोडं वर जातं. क्षेत्रफळासाठी त्या घरांची ईपीसी प्रमाणपत्रं सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. किंमत भागिले चौरस मीटर केलं की चित्र लगेच स्पष्ट होतं. एक काळजी घ्या: विक्री झाल्यापासून नोंद दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात, त्यामुळे अगदी ताजे व्यवहार तिथे नसतात. ते एजंटकडून कळतात.

अहवालातला आकडा चढा वाटला तर त्याच सर्व्हेअरला लेखी विचारा. "मला कमी हवाय" असं लिहू नका. "तुमचं दुसरं तुलनेचं घर नवं आहे, आणि या दोन घरांची विक्री तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही" असं पत्ते, तारखा आणि क्षेत्रफळासह लिहा. सरळ मुद्द्यावर सर्व्हेअर पुनर्विचार करतात. दुसऱ्याकडून नवा अहवाल काढता येतो, पण खर्च तुमचा, वेळ तुमचा. मनासारखा आकडा येईपर्यंत सर्व्हेअर बदलत राहणं मला पटत नाही. त्यात कागदाची विश्वासार्हता जाते आणि हातात शेवटी फार काही येत नाही.

कधी करायचं: इथे बहुतेक चुकतात

अहवाल तीन महिने चालतो. आणि इंग्लंडमध्ये ऑफर स्वीकारल्यापासून किल्ली देईपर्यंत तीन ते पाच महिने सहज जातात, एकमेकांवर अवलंबून असलेल्या विक्रींच्या साखळीत तीन-चार घरं असतील तर जास्तच. घर बाजारात आणायच्या आधीच व्हॅल्युएशन करून ठेवलं तर ते खरेदीदार मिळेपर्यंत निम्मं संपलेलं असतं. असे वाया गेलेले अहवाल फार आहेत.

समजा १ फेब्रुवारीला ऑफर स्वीकारली. ५ फेब्रुवारीला घाईने सर्व्हेअर बोलावला, अहवाल ५ मेला संपणार. खरेदीदाराचं मॉर्गेज मार्चच्या मध्यावर मंजूर झालं, कौन्सिलचे सर्च (घराबद्दलच्या स्थानिक नोंदींची तपासणी) एप्रिलमध्ये आले, मॅनेजमेंट कंपनीने लीजहोल्डची माहिती द्यायला आणखी तीन आठवडे घेतले. कम्प्लीशन, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात देण्याचा दिवस, २३ मे. अहवाल अठरा दिवस आधीच मेला.

म्हणून क्रम असा ठेवा. घर विक्रीला काढतानाच दोन-तीन सर्व्हेअरची कोटेशन घेऊन एक ठरवून ठेवा, पण बोलावू नका. ऑफर स्वीकारा, एजंटकडून मेमोरँडम ऑफ सेल (ठरलेल्या विक्रीचा तपशील देणारा कागद) घ्या. खरेदीदाराच्या बँकेने घर बघितलं, त्याच्या किमतीवर शंका काढली नाही, हे एजंटकडून कळलं की सर्व्हेअरला बोलवा. ऑफरनंतर साधारण चार ते सहा आठवडे. याहून उशीरही नको, कारण अहवाल गेल्यावर प्रशासकाला तपासून संमती द्यायलाही वेळ लागतो.

मुदत संपत आलीच तर त्याच सर्व्हेअरकडून घरी न येता केलेलं डेस्कटॉप व्हॅल्युएशन मिळतं, पूर्ण फीपेक्षा स्वस्तात. पण त्यालाही तारखेची मर्यादा आहे. जुना अहवाल संपून आठवडे उलटल्यावर ते चालत नाही, पुन्हा पूर्ण पाहणी करावी लागते. अहवालावर पाहणीची, व्हॅल्युएशनची आणि सहीची अशा तीन तारखा असू शकतात. सर्वांत आधीची धरून तीन महिन्यांची मुदत कधी संपते त्या तारखेवर कॅलेंडरवर खूण करा आणि तिच्या तीन आठवडे आधी सर्व्हेअरला फोन करा. काम सोपवतानाच डेस्कटॉपची फी लेखी घेऊन ठेवा.

अर्ज, संमती आणि एक्स्चेंज

कर्जाचा कारभार होम्स इंग्लंडच्या वतीने एक प्रशासक कंपनी बघते. आधी टार्गेट होती, आता लेन्व्ही आहे. जुना खाते क्रमांक जुन्या पत्रांवर शोधून हाताशी ठेवा. अर्जासोबत व्हॅल्युएशन अहवाल, मेमोरँडम ऑफ सेल, सॉलिसिटरचा तपशील आणि २०० पौंड प्रशासन शुल्क जातं. व्याज किंवा महिन्याचं १ पौंड व्यवस्थापन शुल्क थकलं असेल तर आधी ते भरा. बँक बदलताना डायरेक्ट डेबिट तुटतो, १ पौंड कुणाच्या लक्षात येत नाही, आणि विक्रीच्या वेळी तीच थकबाकी फाइल अडवते.

प्रशासक अहवाल तपासतो, रक्कम कळवतो, मग सॉलिसिटरमार्फत व्यवहार पूर्ण करण्याची संमती मिळते. ही लेखी संमती सॉलिसिटरच्या हातात येईपर्यंत एक्स्चेंज (दोन्ही बाजूंना बांधून घेणाऱ्या विक्रीकरारांची देवाणघेवाण) करू नका. एक्स्चेंज झालं की ठरल्या तारखेला बोजामुक्त घर देण्याची कायदेशीर जबाबदारी तुमची. संमती लांबली तर दुसरा बोजा उतरत नाही, आणि उशिराचं व्याज व नुकसानभरपाई तुमच्यावर येते. एजंट फोनवर फोन करून घाई करील, खरेदीदार नाराज होईल. तरीही थांबा. आणि सॉलिसिटर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या वर्षभरात हेल्प टू बायचं कर्ज फेडून किती विक्रीव्यवहार केलेत?

खरेदीदाराने सर्व्हेनंतर किंमत पाडून मागितली तर लगेच हो म्हणू नका. छपराच्या दुरुस्तीपोटी त्याने १० हजार कमी मागितले आणि तुमचा अहवाल जुन्याच किमतीचा असेल, तर देणं जुन्याच किमतीवर लागतं. त्याचा सर्व्हे मागून घ्या, तो तुमच्या सर्व्हेअरला पाठवा आणि या दोषामुळे किंमत बदलते का ते लेखी विचारा. बदललेला अहवाल प्रशासकाकडे गेला, त्यांनी नवी रक्कम कळवली, मग किंमत कमी करा.

विक्रीतून मॉर्गेज आणि इक्विटी लोन दोन्ही फिटत नाहीत असं दिसत असेल तर ऑफर स्वीकारण्याआधीच प्रशासकाशी बोला. पहिला हक्क बँकेचा, दुसरा होम्स इंग्लंडचा. त्यांच्या मान्यतेशिवाय घर सुटत नाही.

फ्लॅटवाल्यांनी आणखी एक बघावं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी सुरू झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस१ हा त्या तपासणीचा निष्कर्ष नोंदवणारा फॉर्म आला. इमारतीला तो लागत असेल आणि काढलेला नसेल, तर सर्व्हेअर किंमत देताना अडखळतो आणि खरेदीदाराची बँकही थांबते. फॉर्म पाच वर्षं चालतो. मॅनेजिंग एजंटकडून तो आधी मिळवा, मगच सर्व्हेअरला पैसे द्या.

भारतातून विकत असाल तर

आधीच पुण्या-नाशिकला परतलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. घराची किल्ली एजंटकडे असली तरी सर्व्हेअरला ती कोण देणार, वीज चालू आहे का, हे ठरवा. अंधारात पाहणी होत नाही. हस्तांतराच्या टीआर१ दस्तावर साक्षीदारासमोर सही लागते, आणि साक्षीदार घरातला नसावा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या. कागद कुरियरने जाऊन येण्याचे दिवस त्या तीन महिन्यांच्या मुदतीतच मोजा. आणि तुम्ही करासाठी ब्रिटनचे रहिवासी नसाल तर कम्प्लीशननंतर ६० दिवसांत एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) विक्रीची माहिती द्यावी लागते, कर शून्य असला तरी.

हिशेब एकदा वहीत मांडून बघा. विक्री ३ लाख ६० हजार, मॉर्गेजची बाकी १ लाख ९० हजार, इक्विटी लोनचे ७२ हजार. उरले ९८ हजार. एजंटचे समजा १.२ टक्के अधिक व्हॅट म्हणजे ५,१८४, सॉलिसिटरचे १,८००, व्हॅल्युएशनचे ४००, प्रशासनाचे २००. हाती ९०,४१६. मॉर्गेजचा ठरावीक दराचा काळ संपायचा असेल तर त्यावरचा दंड यात आलेला नाही. तो बँकेला विचारा, कधीकधी तो बाकी सगळ्या खर्चांपेक्षा मोठा निघतो.

कम्प्लीशनच्या दिवशी सॉलिसिटर दोन्ही देणी परस्पर भरतो. त्या दिवशी इक्विटी लोनचा डायरेक्ट डेबिट बंद करू नका. कर्जखातं बंद झाल्याचं पत्र हातात आलं की मगच करा, आणि मधल्या काळात एखादा हप्ता जास्तीचा गेला असेल तर त्याच पत्राचा हवाला देऊन परत मागा.